सात बाजार

नीरजा वैजापूरकरला शहरातल्या गारखेड्यात फारसं कोणी ओळखत नाही, आणि जे ओळखतात त्यांना ती नेमकं काय काम करते ते सांगता येत नाही. "कॉम्प्युटरमधलं काहीतरी," एवढं म्हणून शेजारीण मोकळी होते. तिच्या वडिलांना, अनंतरावांना, मात्र सांगता येतं. तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झालेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट कचेरीच्या भाषेत बसवल्याशिवाय त्यांना पचत नाही. ते म्हणतात, "प्रत्येक यंत्राच्या पोटात एक कारभारी असतो. कुणाला आधी बोलवायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे सगळं तो बघतो. त्याला म्हणतात कर्नल. जगभरचे लोक मिळून तो लिहितात. त्यात चूक सापडली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी, वरचे लोक तपासून घेतात. आमची नीरू त्यातली." एवढं बोलून झालं की ते चष्मा काढून पुसतात, म्हणजे समोरच्याने ओळखावं की अभिमान वाटतोय.

ही गोष्ट दोन हजार पंधरा-सोळाची. पाऊस लागोपाठ दगा देत होता. शहरात नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं, आणि त्याच शहरात जिकडे बघावं तिकडे नवीन इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. नीरजा चौतीस वर्षांची. आई गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून ती वडिलांसाठी परत आली आणि चिकलठाण्याच्या एका लहानशा कंपनीत लागली. कंपनी गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारींवर बसवायचे डबे करायची. डबा दर मिनिटाला विहिरीतलं पाणी बघायचा आणि पाणी तळाला गेलं की मोटार बंद करायचा, कारण कोरड्या विहिरीवर चालत राहिलेली मोटार जळते. डब्याच्या पोटात तोच कारभारी होता, कर्नल. पाचोडच्या आसपास अकरा गावांत हे डबे बसवले होते.

डबे चांगले होते, पण अधूनमधून मुके व्हायचे. पाण्याचा आकडा एका जागी गोठायचा आणि डबा पुन्हा विहिरीकडे बघायचाच नाही. बंद करून चालू केला की गाडी रुळावर. कंपनीत कुणी म्हणे ऊन, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे उंदीर. उंदरांवर तर कशाचंही खापर फोडता येतं, ते बिचारे उत्तर द्यायला येत नाहीत. शेवटी दिवाळीनंतर साहेबांनी, म्हणजे विश्वजितने, नीरजाला पाचोडच्या पुढे दोन कोसांवरच्या एका वाडीत धाडलं.

तिथे तिला मुंजाबा भेटला. वाडीचं पाणी सोडणारा. साठीचा, डोक्याला पटका, बोलणं कमी. पिढीजात मेंढरांचा धंदा. दोन हजार बाराच्या दुष्काळात चारा संपला तेव्हा त्याने उरलेली वीस मेंढरं पाचोडच्या बाजारात विकली आणि ग्रामपंचायतीच्या मोटारीवर कामाला लागला. मेंढरं राखणाऱ्या माणसाची नजर कशावरही बसली की सुटत नाही. ती आता डब्यावर बसली होती.

"ताई, ह्यो डबा सात बाजार चालतो," तो म्हणाला. "सातवा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मुका व्हतो. लई येळा पाह्यलंय म्या."

त्याचं सगळं गणित पाचोडच्या आठवडी बाजारावर चालायचं. नीरजा हसली. वाईट हसली नाही, पण हसली.

"हसू नका. म्हून तर म्या सातव्या बाजाराला, पाचोडला निघायच्या आधी, खटका बंद करतो. वीस मेंढरं मोजतो. मंग चालू करतो."

"मेंढरं कुठली, मामा?"

"इकली ती," मुंजाबा म्हणाला. "भुरी, कानी, खांडी, लंगडी. नावं ध्यानात हायेत ना."

एसटीत खिडकीशी बसून नीरजाने सहज गुणाकार केला. सात बाजार म्हणजे एकोणपन्नास दिवस. वर दुसऱ्या दिवसाची पहाट. तिचं हसू तिथेच विरलं. यंत्रं वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात, आणि तो आकडा ठेवायला ठरावीक घरं असतात. एकोणपन्नास दिवस आणि सतरा तासांनी ती घरं भरतात, आकडा शून्यावर येतो. ज्याने कर्नलचा तो भाग लिहिला होता त्याने हे लक्षात घेतलं नव्हतं. शून्य दिसलं की डबा समजायचा, अजून पुढच्या तपासणीची वेळ व्हायची आहे, आणि वाट बघत बसायचा. पदवीधरांना दोन वर्षं जे सापडलं नाही ते मेंढपाळाने बाजार मोजून सांगितलं होतं.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. नीरजाने ती डिसेंबरात पाठवली, वरच्यांनी उलटसुलट प्रश्न विचारले, आणि जानेवारीअखेर ती कर्नलच्या मुख्य शाखेत घेतली गेली. घरी त्या दिवशी अनंतरावांनी शिरा केला.

त्या दुरुस्तीखाली दोन ओळी असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. एक ओळ चूक कळवणाऱ्याच्या नावाची. या लोकांत रीत आहे, ज्याने चूक दाखवली त्याचं नाव कायमचं लिहून ठेवायचं. पण नावापुढे ईमेलचा पत्ता द्यावा लागतो. मुंजाबाला कुठला ईमेल! विचित्र दिसेल म्हणून नीरजाने ती ओळ गाळली. दुसरी ओळ स्थिर शाखेची. मुख्य शाखेत रोज नवं काहीतरी चालू असतं, म्हणून कामावरची यंत्रं तिच्या नादाला लागत नाहीत. ती जुन्या, स्थिर शाखेवर चालतात, आणि तिथे फक्त छोट्या, तपासलेल्या, खरोखर कुणाला तरी छळणाऱ्या चुकांच्या दुरुस्त्या उतरवतात. ती उतरावी असं वाटत असेल तर दुरुस्ती पाठवणाऱ्यानेच खाली लिहायचं असतं, की प्रत स्थिर शाखेला. नीरजाने लिहिलं नाही. पंगतीत मागून घेऊ नये, वाढणाऱ्याचं लक्ष असतं, ही तिच्या आईची शिकवण. तीन ओळी घेतल्या हेच खूप झालं, वर आणखी तोंड उघडून मागायचं म्हणजे आगाऊपणा, असं तिला वाटलं. लागेल तिथे ती आपोआप जाईलच, असंही वाटलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर कंपनीने अकराही डब्यांत स्थिर शाखेची नवी आवृत्ती घातली. नीरजा धरून चालली की आपली दुरुस्ती तीत आहे. उघडून बघितलं नाही. वाडीचं काम झाल्याचं कळलं तसं तिने उत्साहाने मुंजाबाला फोन लावला.

"मामा, दुरुस्त झालं. आता खटका बंद करायची गरज नाही."

"पक्कं का, ताई?"

"पक्कं."

"मंग ऱ्हायलं. मेंढरं सोडून देतो म्हना की आता," मुंजाबा म्हणाला, आणि हसला. त्याला हसताना तिने तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सातवा बाजार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाबाने मोटार चालू केली, डब्यावर बघितलं, डबा म्हणाला पाणी आहे. तो गावात वॉल्व्ह फिरवायला गेला. विहीर तळाला लागली, डबा जुनाच आकडा दाखवत राहिला, आणि मुंजाबा धावत परत येईपर्यंत मोटारीचा जळका वास बांधापर्यंत आला होता. वाडीला पंधरा दिवस पाणी नव्हतं. टँकर यायचा तोही दिवसाआड. कंपनीचा माणूस येऊन डबा बघून गेला. डब्यात चूक झाल्याची काहीच नोंद नव्हती, कारण चूक झाल्याचं डब्यालाच माहीत नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं, 'डबा निर्दोष. चालकाचा हलगर्जीपणा.' त्यावरून पंचायतीने मुंजाबाचं काम काढून घेतलं.

तो अहवाल नीरजाच्या टेबलावर आला तेव्हा एप्रिल संपत आला होता. मोटार जळाल्याच्या तारखेवरून तिने मागे दिवस मोजले, बरोबर सात बाजार आणि एक सकाळ. तिने स्थिर शाखा उघडली, फाइल काढली, ओळ शोधली. तिच्या तीन ओळी तिथे नव्हत्या.

घरी येऊन तिने सगळं बाबांना सांगितलं. अनंतरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंजुरी मिळाली होती ना?"

"हो."

"आणि प्रत कुणाला टाकलीस?"

"कुणालाच नाही."

"अगं, मंजुरी म्हणजे पोचणं नव्हे," अनंतराव हळू आवाजात म्हणाले. "साहेबांची सही झालेले आदेश आमच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असायचे. खाली 'प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव' म्हणून ज्याचं नाव टाकलं त्यालाच ते कळायचं. मी चौतीस वर्षं दुसरं काय केलं?"

तिने मुंजाबाला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी ती विश्वजितकडे गेली आणि म्हणाली, चूक डब्यातली आहे, आपण आजच आपल्या हाताने दुरुस्ती घालू, वाडीला पत्र देऊ. विश्वजित काही राक्षस नव्हता. दोन मुलांचा बाप, कंपनी जेमतेम तगलेली. तो म्हणाला, "आपण हाताने घातली म्हणजे दोष कबूल केला. अकराच्या अकरा गावं दारात येतील. स्थिर शाखेतून आली तर सगळ्यांसारखी आपणही घेतली, एवढंच. तिकडून आण, मी अडवणार नाही. पत्र मात्र आत्ता नको."

पाचोडकडे दर तासाला एसटी होती. दीड तासाचा रस्ता. नीरजाने उठून जायचं, काकासाहेब सरपंचांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, चूक माझी. एवढंच तर होतं. ती गेली नाही. कारकुनाची लेक ती, कागद हातात असल्याशिवाय बोलू नये हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. नुसत्या तोंडी शब्दावर कोण विश्वास ठेवणार? स्थिर शाखेत दुरुस्ती उतरली की जगातल्या मोठ्या लोकांनी चूक मान्य केल्याचा कागद होईल, तो घेऊन जाऊ, मुंजाबाचं काम मानाने परत मिळवून देऊ, असं तिने ठरवलं. जिथे कागद बघायचा तिथे बघितला नाही, आणि जिथे नुसता शब्द पुरला असता तिथे कागदासाठी अडून बसली. याला काय म्हणावं?

तिने स्थिर शाखेच्या लोकांना लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एक यांत्रिक उत्तर आलं, की दुरुस्ती लागू होत नाही. जुन्या शाखेत त्या जागेची मांडणी वेगळी होती, त्यामुळे नव्याच्या मापाचं ठिगळ जुन्यावर बसत नव्हतं. तिने ते बेतून पुन्हा शिवलं. मग प्रश्न आला, जुन्या शाखेवर तपासलं आहे का? आकडा मुद्दाम शेवटाजवळ नेऊन ठेवला की तपासणी दहा मिनिटांत होते. तिने ती केली आणि दुरुस्ती तीत टिकलीही. एवढं लिहून पाठवलं असतं तर काम भागलं असतं. पण एकदा 'पक्कं' म्हणून तोंड भाजलं होतं. आता ताकही फुंकून पिणं आलं. तिने एक डबा घरी आणला, गॅलरीत इन्व्हर्टरला जोडला आणि ठरवलं, सात बाजार पूर्ण चालवून बघायचा, मुंजाबाने मोजले तसे. मे महिना नुकताच लागला होता.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती गॅलरीत डब्यापाशी उभी राहायची. समोर, देवळाच्या पलीकडे, निळ्या पत्र्यांच्या आत सहा मजली इमारत उभी राहत होती. तिच्या लहानपणी तिथे ज्वारी असायची. वरच्या स्लॅबवर एक पटकेवाला म्हातारा नळी धरून सिमेंटवर पाणी मारत असायचा. नीरजाला ते बघून संताप यायचा. माणसांना सहाव्या दिवशी पाणी आणि सिमेंटला रोज टँकर! एकदा ती बाबांना म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला तरी काही वाटायला हवं." अनंतराव म्हणाले, "त्याला काय, सांगितलं ते करतो बिचारा." तिसऱ्या बाजारानंतर तो म्हातारा दिसेनासा झाला, दुसराच कुणीतरी नळी धरू लागला. तिने फार लक्ष दिलं नाही.

जूनच्या शेवटी सातवा बाजार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा चालू होता, आकडे बदलत होते. नीरजा गॅलरीत खाली बसली आणि रडली. मग आत जाऊन तिने मेल लिहिली. मूळ दुरुस्तीखालच्या मजकुराला हात लावता येत नाही, पण स्थिर शाखेसाठी बेतणाऱ्याला चौकटी कंसात आपली टीप टाकता येते. तिने टाकली, 'ही चूक मुंजाबा यांनी सात आठवडी बाजार मोजून दाखवली. त्यांचं नाव मूळ दुरुस्तीत माझ्याकडून राहून गेलं.' जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती स्थिर शाखेत उतरली, टिपेसकट. महिनाअखेर अकराही डब्यांत ती पोचली. या वेळी नीरजाने प्रत्येक फाइल उघडून आपल्या तीन ओळी डोळ्यांनी बघितल्या. मग छापून घेतलेला कागद बाबांनी दिलेल्या फोल्डरमध्ये घालून ती एसटीत बसली.

काकासाहेब पंचायतीतच भेटले. जाड भिंगातून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. इंग्रजी होता. नीरजाने मराठीत सांगितलं. मुंजाबाचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं.

"म्हंजी डबा खोटं बोलला व्हता," काकासाहेब म्हणाले.

"हो. आणि मीही. मीच त्यांना सांगितलं होतं, खटका बंद करू नका म्हणून. त्यांना बोलवा ना. मला त्यांच्यासमोर सांगायचंय."

काकासाहेबांनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला. "ताई, मुंजाबा गेला की. मे महिन्यात."

विहिरीवर कस्तुराबाई होती, मुंजाबाची बायको. पंचायतीने पाणी सोडायचं काम आता तिला दिलं होतं. काकासाहेबांनी ओळख करून दिली आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले. मे-जूनभर मनात दाबून ठेवलेली सगळी भीती आता खरी होऊन नीरजासमोर उभी होती. तिने खाली वाकून कस्तुराबाईच्या पायांना हात लावला. कस्तुराबाईने तिला उठवलं.

"पंचायतीत इचारलं त्यांला, दर बारीला खटका बंद करायचा, ह्या बारीला का नाय केला? तर मान खाली घालून बसले. घरी आल्यावर मला म्हणले, ताईनं सांगितलं व्हतं म्हून नाय केला. म्या म्हणलं, आवो, मंग तसं बोलायचं ना तिथं! तर म्हणले, नगं, त्या पोरीच्या नोकरीवर यील."

नीरजा विहिरीच्या कठड्यावर टेकली.

"मंग गावात तोंड दाखवाया लाज वाटू लागली त्यांला. शहरात गेले. तिथं वळखीचं कोन नाय, पन तुमी गारखेड्याला ऱ्हाता म्हून तेवढं नाव ठाव व्हतं. तिथंच काम धरलं. पानी मारायचं, सलापावर. निळे पत्रे हायेत, म्होरं देऊळ हाय, तिथं. एक दिस उन्हात वरच पडले. खाली आनस्तोवर खेळ खलास."

"तिथेच?" नीरजा म्हणाली. "मामी, तिथेच समोर माझं घर आहे. मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"म्या फोनवर म्हणलं की, जाऊन भेटा. तर म्हणले, कशाला? तिला वाईट वाटंल."

तिने त्याचं नाव लिहिलं नव्हतं, आणि त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. नीरजाने फोल्डर उघडलं, कागद काढला, पुढे केला. मामांची चूक नव्हती, सगळ्या जगात आता तसं लिहून ठेवलंय, असं काहीतरी ती बोलली. काकासाहेब लांबूनच म्हणाले, येत्या ग्रामसभेत मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. कस्तुराबाईने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि परत दिला.

"मला ठावंच व्हतं, ताई. त्यांला सांगाया पायजे व्हतं."

मग तिने पदराने तोंड पुसलं, उन्हाचा अंदाज घेतला आणि डब्याकडे वळली. "आज बाजार हाय. सातवा. मला खटका बघायचाय. त्यांनी जाताना बजावून सांगितलं व्हतं, कुनी काय बी म्हनू दे, तू सोडू नको." तिचा हात खटक्यापाशी थांबला. तिने मागे वळून बघितलं. "का आता गरज नाय?"

गरज नव्हती. दुरुस्ती त्याच डब्यात होती, नीरजाने स्वतः बघितली होती. शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते, आणि या वेळी ते खरे होते.

"करत जा, मामी," ती म्हणाली.

कस्तुराबाईने खटका बंद केला. डब्यावरचा आकडा विझला. ती हळूहळू मोजू लागली, भुरी, कानी, खांडी, लंगडी. नीरजा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पुढची नावं तिला माहीत नव्हती, म्हणून कस्तुराबाई म्हणेल तसं तिच्यामागून म्हणत राहिली, विसाव्यापर्यंत.